चेंडू, मस्तक आणि नोंदवही

१९६२ हे साल भारतीय खेळांच्या इतिहासात दोन मस्तकांमुळे लक्षात राहावे असे आहे. त्या वर्षी आपला क्रिकेट संघ वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर होता. १७ मार्च रोजी ब्रिजटाऊन येथे बार्बाडोस संघाविरुद्ध सामना चालू असता चार्ली ग्रिफिथ ह्या द्रुतगती गोलंदाजाचा एक चेंडू भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर ह्यांच्या उजव्या कानामागे आदळला. कवटी फुटली. तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली व रक्ताची गरज पडली. प्रतिस्पर्धी कर्णधार फ्रँक वॉरेल रक्त देण्यास पुढे झाले. त्यांच्याबरोबर पॉली उम्रीगर, बापू नाडकर्णी व आपल्या पुण्याचे चंदू बोर्डे ह्यांनीही रक्त दिले. (बोर्डे हे मराठी ख्रिस्ती घराण्यातले, हे ह्या पानांच्या वाचकांस सांगावयास नको.) सहा दिवसांनी कॉन्ट्रॅक्टर शुद्धीवर आले. पुढे ते प्रथम दर्जाचे क्रिकेट पुन्हा खेळले. पण कसोटी सामना त्यांच्या वाट्याला परत आला नाही. त्यांच्या डोक्यात बसविलेली धातूची पट्टी मुंबईत २०२२ साली, म्हणजे साठ वर्षांनी, काढण्यात आली.

दुसरे मस्तक जर्नेलसिंग ह्यांचे. त्याच वर्षी जाकार्ता येथे आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या होत्या. भारतीय फुटबॉल संघाच्या बचावफळीचा हा आधारस्तंभ थायलंडविरुद्धच्या सामन्यात डोक्याला जखम होऊन बाहेर पडला. जखमेला टाके घालावे लागले. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम ह्यांनी त्यांना विश्रांती दिली नाही. उपान्त्य सामन्यात बचावफळीतून काढून आघाडीच्या फळीत उभे केले. जर्नेलसिंग ह्यांनी गोल केला. ४ सप्टेंबर रोजी दक्षिण कोरियाविरुद्ध अंतिम सामना झाला. प्रदीपकुमार बॅनर्जी ह्यांनी एक व टाके घातलेल्या डोक्याच्या जर्नेलसिंग ह्यांनी एक असे दोन गोल केले आणि भारताने २-१ असे सुवर्णपदक जिंकले. त्या संघात मूळ गोव्यातील कोलवाळ गावचे व मुंबईच्या टाटा संघाकडून खेळणारे फॉर्च्युनॅटो फ्रँको हेही होते. भारताला फुटबॉलमध्ये आशियाई सुवर्णपदक त्यानंतर आजवर मिळालेले नाही, म्हणूनच ह्या विजयाची कथा पुनःपुन्हा सांगितली जाते, आणि ती सांगताना जर्नेलसिंगांच्या डोक्यावरचे टाके कोणी विसरत नाही.

एका कथेत आपण रक्तदान आठवतो, दुसरीत शौर्य. दोन्ही आठवणी योग्यच आहेत. परंतु दोन्ही घाव डोळ्यांना दिसणारे होते. एकाची कवटी फुटली, दुसऱ्याची कातडी. धावपळ झाली, डॉक्टर आले, बातमी छापली गेली. प्रस्तुत लेखाचा विषय आहे तो तिसऱ्या प्रकारचा घाव. तो कोणत्याही एका दिवशी बसत नाही, त्यातून रक्त येत नाही आणि खेळाडू मैदान सोडून वीस-तीस वर्षे झाल्यावर, नातवंडांची नावे आठवेनाशी झाली म्हणजे, घरच्यांना त्याची चाहूल लागते.

आमच्या दौंड-शिरूर भागात कुस्तीचा आखाडा जुना, फुटबॉल त्या मानाने उपरा. पैलवान ओळखावा तो त्याच्या कानावरून. वर्षानुवर्षे घासून, दबून कान मोडलेला असतो, आणि तो मोडलेला कान मिरवण्यात पैलवानाला अभिमानही वाटतो. शरीराने ठेवलेली ती नोंदच असते. फुटबॉलपटूच्या कपाळाने मात्र अशी कोणतीही नोंद ठेवलेली नसते. हजारो चेंडू झेलून झाल्यावरही ते कपाळ बाजारात भाजी घेणाऱ्या कोणाही गृहस्थाच्या कपाळासारखेच दिसते.

फुटबॉल आपल्याकडे तीन वाटांनी आला : लष्कराच्या छावण्या, रेल्वे आणि मिशनरी शाळा. मुंबईचा रोव्हर्स चषक १८९१ साली सुरू झाला आणि आरंभीची अनेक वर्षे त्यावर गोऱ्या पलटणींचेच वर्चस्व होते. गोव्यात हा खेळ १८८३ साली शिवोली येथे फादर विल्यम रॉबर्ट लायन्स ह्या धर्मगुरूंनी आणला असे मानले जाते. तेव्हा ह्या इतिहासात धर्मगुरूंचा हात पहिल्या चेंडूपासूनच आहे. पोटापाण्यासाठी मुंबईला आलेले गोंयकार धोबीतलाव परिसरातील आपापल्या गावांच्या कूडांमध्ये राहत आणि फुटबॉल खेळत. मुंबईतील कूपरेज मैदानाला जी गर्दी लोटे, तीत ह्या मंडळींचा भरणा मोठा असे. अशा वातावरणातूनच नेव्हिल डिसोझा ह्यांच्यासारखा खेळाडू पुढे आला. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले व भारताने तो सामना ४-२ असा जिंकला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारे ते पहिले आशियाई खेळाडू होत.

ह्या खेळाडूंना 'व्यावसायिक' म्हणावे का, असा प्रश्न कोणी विचारील. कागदोपत्री ते नोकरदार होते. कोणी टाटांकडे, कोणी कापड गिरणीत, कोणी बँकेत, कोणी तेलकंपनीत, आणि पुष्कळसे रेल्वेत. प्रदीपकुमार बॅनर्जी ह्यांच्यासारखा खेळाडू ईस्टर्न रेल्वेचा कर्मचारी होता आणि १९५८ साली ह्या रेल्वेच्या संघाने कलकत्त्याची लीग जिंकली तेव्हा त्या संघाचा तो मुकुटमणी होता. पगार कारकुनाचा किंवा तिकीट तपासनिसाचा, पण काम मुख्यतः खेळण्याचे. रेल्वेच्या गावात आयुष्य काढलेल्या वाचकांना ही पद्धत परिचित असेल. सर्व्हिस शीटवर सगळ्याची नोंद होई. रजा, बढती, बदली, दंड. डोक्यावर किती चेंडू आदळले ह्याची नोंद करण्याचा रकाना मात्र कोठेही नव्हता.

आणि तो चेंडू कसा होता, तेही सांगितले पाहिजे. जाड चामड्याच्या तुकड्यांनी शिवलेला, आत रबरी ब्लॅडर, आणि तोंड वादीने आवळलेले. ती वादी कपाळावर आली तर ओरखडा उठे. १९३७ पासून नियमाप्रमाणे चेंडूचे वजन १४ ते १६ औंस, म्हणजे ४१० ते ४५० ग्रॅम ठरलेले आहे. पण हे वजन कोरड्या चेंडूचे. चामडे पाणी पिते. इंग्लंडात चिखलात भिजलेल्या चेंडूची फार चर्चा होते, परंतु इंग्लंडपेक्षा आपल्याकडची स्थिती निराळी आणि अधिक कठीण होती, कारण क्रिकेट हिवाळ्याचे आणि फुटबॉल पावसाळ्याचा, अशी वाटणीच आपल्याकडे झालेली होती. मुंबई-कलकत्त्याच्या लीगचे सामने भर पावसात होत. आपले खेळाडू १९४८ च्या लंडन ऑलिंपिकपर्यंत बहुतांशी अनवाणी खेळत ह्याचे कौतुक जगाने केले. पाय उघडे होते हे सर्वांना दिसले. डोकेही उघडेच होते, पण ते तर सगळ्यांचेच उघडे असते.

कातडे जाऊन कृत्रिम वेष्टणाचा चेंडू आला तेव्हा अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. नवा चेंडू पाणी पीत नाही हे खरे. परंतु कोरड्या चेंडूचे नियमातील वजन तेच राहिले आहे आणि नवा चेंडू अधिक वेगाने येतो. म्हणून 'तो प्रश्न जुन्या चेंडूबरोबर संपला' असे म्हणून हात झटकता येत नाहीत.

मेंदूचे वजन सुमारे १.४ किलो असते आणि तो घट्ट लागलेल्या दह्याइतका मऊ असतो. कवटीच्या आत तो पातळ द्रवात तरंगत असतो. दह्याचे मडके डोक्यावरून नेणारी बाई मान ताठ ठेवते ती उगीच नव्हे. मडके फुटले नाही तरी नुसत्या हिसक्याने आतले दही मोडते. कवटीचे तसेच आहे. ती शाबूत राहते, पण डोके झटक्यासरशी गर्रकन वळले की आतील मेंदू मागे राहतो, ताणला जातो, आणि त्यातील केसाहून कितीतरी बारीक तंतू पिळवटले जातात. एखाद्या वेळी झाले तर ते सावरतात. वारंवार झाले तर तंतूंना आतून आधार देणारे 'टाऊ' नावाचे प्रथिन आपली जागा सोडते आणि त्याच्या गुठळ्या साचू लागतात. ही प्रक्रिया एकदा सुरू झाली की खेळ थांबल्यावरही ती पुढे चालू राहू शकते. डॉक्टर ह्या विकाराला इंग्रजी आद्याक्षरांनी सी.टी.ई. म्हणतात, आपण 'आघातांनी जडलेला दीर्घकालीन मेंदूविकार' म्हणू. त्याची खात्रीलायक तपासणी आजही मृत्यूनंतर मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच करता येते. ही एक अडचण फार मोठी आहे, आणि ह्या विषयाच्या इतिहासातील बराचसा विलंब तिच्यामुळे झालेला आहे. उरलेला विलंब मात्र माणसांनी केला.

मुष्टियोद्ध्यांच्या बाबतीत ही गोष्ट फार पूर्वी ध्यानात आली होती. अमेरिकेतील हॅरिसन मार्टलँड ह्या शवचिकित्सकाने १९२८ साली एक निबंध लिहिला. निवृत्त मुष्टियोद्धे दारू न पिता दारुड्यासारखे झोकांड्या खातात, जड जिभेने बोलतात, हे आखाड्याभोवतीच्या प्रेक्षकांना ठाऊकच होते. मार्टलँडने त्याला वैद्यकशास्त्रात जागा दिली. १९७३ साली इंग्लंडमध्ये कॉर्सेलिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १५ मृत मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. परंतु मुष्टियुद्धात डोक्यावर ठोसा मारणे हाच हेतू असतो. फुटबॉल तर सभ्य खेळ! नॉर्वेच्या टिस्वेर ह्या डॉक्टरांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या देशाच्या माजी राष्ट्रीय फुटबॉलपटूंचे मेंदू तपासले व त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश खेळाडूंच्या मेंदूचा मधला भाग आकसलेला आढळला असे नोंदविले. खेळाच्या कारभाऱ्यांनी ते वाचले असेल वा नसेल. खेळ होता तसाच चालू राहिला.

पुढची कथा जेफ ॲस्टल ह्यांची. इंग्लंडमधील वेस्ट ब्रॉमविच अल्बियन संघाचा हा आघाडीचा खेळाडू डोक्याने गोल करण्यात विशेष वाकबगार. संघासाठी त्यांनी १७४ गोल केले. १९६८ च्या एफ.ए. चषकाचा अंतिम सामना त्यांच्याच एकमेव गोलने जिंकला गेला. १९७० च्या विश्वचषकात ते इंग्लंडकडून खेळले. त्या काळी खेळाडूंना आजच्यासारखे अमाप पैसे मिळत नसत. निवृत्तीनंतर ॲस्टल ह्यांनी खिडक्या साफ करण्याचा व्यवसाय केला. पन्नाशीच्या मध्यावर त्यांची स्मृती ढासळू लागली. काही वर्षांतच, ज्या खेळाने आपल्याला नाव दिले तो खेळ आपण कधी खेळलो होतो हेही त्यांना आठवेनासे झाले. १९ जानेवारी २००२ रोजी, वयाच्या ५९ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

इंग्लंडमध्ये संशयास्पद वा अनैसर्गिक मृत्यूची चौकशी कॉरोनर करतो. (आपल्या मुंबईतही कॉरोनरचे न्यायालय होते, ते १९९९ साली बंद झाले.) नोव्हेंबर २००२ मध्ये कॉरोनर अँड्र्यू हेग ह्यांनी ॲस्टल प्रकरणी निर्णय दिला : मृत्यूचे कारण, 'व्यवसायजन्य आजार'. शवचिकित्सकाने साक्षीत सांगितले होते की ह्या मेंदूची अवस्था मुष्टियोद्ध्याच्या मेंदूसारखी आहे आणि डोक्याने वारंवार चेंडू टोलवणे हे त्याचे कारण असणे संभवते.

'व्यवसायजन्य आजार' हे शब्द कष्टकरी घरांना नवे नाहीत. आपल्याकडे १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यातच अशा आजारांची यादी जोडलेली होती. शिशाच्या कारखान्यात काम करणाऱ्याला शिशाची विषबाधा झाली तर तो त्याच्या नशिबाचा भाग नव्हे, कामाचा परिणाम, आणि म्हणून मालकाची जबाबदारी, असे तत्त्व त्यामागे होते. ॲस्टल प्रकरणात हे तत्त्व प्रथमच फुटबॉलपटूला लागू झाले. माझ्या मते ह्या साऱ्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा क्षण तोच आहे. कारण त्याने खेळाडूला नायकाच्या चौथऱ्यावरून खाली उतरवून कामगारांच्या रांगेत उभे केले, आणि त्यातच त्याचा खरा सन्मान होता. जर्नेलसिंगांच्या टाक्यांची कथा सांगताना आपण नेमके हेच करावयास विसरतो.

निर्णय झाला, अभ्यासाची आश्वासने मिळाली, आणि वर्षे लोटली. ॲस्टल ह्यांची पत्नी व मुली मात्र गप्प बसल्या नाहीत. त्यांच्या संमतीने ग्लासगोचे डॉ. विली स्टुअर्ट ह्यांनी जतन केलेल्या मेंदूची फेरतपासणी केली आणि २०१४ साली सी.टी.ई. असल्याचे निश्चित सांगितले. तोवर १९६६ चा विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंडच्या संघातूनही वार्ता येऊ लागल्या होत्या. रे विल्सन, मार्टिन पीटर्स, जॅक चार्लटन, नॉबी स्टाइल्स, बॉबी चार्लटन : अकरा जणांच्या त्या संघातील पाच जणांना आयुष्याच्या अखेरीस स्मृतिभ्रंशाने गाठले.

ॲस्टल वारले त्याच २००२ साली, २४ सप्टेंबर रोजी, अमेरिकेत माइक वेब्स्टर हा खेळाडू वयाच्या ५० व्या वर्षी मरण पावला. अमेरिकेतील फुटबॉल हा वेगळाच खेळ आहे. लंबगोल चेंडू हातात घेऊन पळावयाचे, डोक्यावर शिरस्त्राण, आणि समोरच्यावर शरीर झोकून द्यावयाचे. पिट्सबर्ग शहराचा हा लाडका खेळाडू शेवटी भ्रमिष्टासारखा झाला होता आणि कित्येक रात्री स्वतःच्या ट्रकमध्ये झोपत असे. त्याची शवचिकित्सा बेनेट ओमालू ह्या नायजेरियात जन्मलेल्या तरुण डॉक्टरकडे आली. ओमालू हे श्रद्धावान कॅथलिक; मृत व्यक्तीलाही तिची प्रतिष्ठा असते ह्या भावनेने ते आपले काम करीत, असे त्यांनी अनेकदा सांगितले आहे. वेब्स्टरचा मेंदू वरकरणी धडधाकट दिसत होता. तेवढ्यावर प्रकरण मिटवता आले असते. ओमालूंनी स्वतःच्या खर्चाने मेंदूचे काप करवून घेतले आणि त्यात टाऊच्या गुठळ्या सापडल्या. २००५ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध होताच व्यावसायिक लीगने नेमलेल्या समितीच्या डॉक्टरांनी तो मागे घ्यावा अशी मागणी केली. ह्या समितीचे प्रमुखपद अनेक वर्षे एका संधिवाततज्ज्ञाकडे होते, ही गोष्ट येथे केवळ नोंदवून ठेवतो. निबंध मागे घेतला गेला नाही. हजारो माजी खेळाडूंनी दावे लावले आणि २०१५ साली न्यायालयाने भरपाईच्या तडजोडीवर शिक्कामोर्तब केले.

असे असले तरी एका-दोघांच्या मेंदूवरून सर्वांविषयी अनुमान काढणे शास्त्राला मान्य होत नाही, आणि ते बरोबरच आहे. स्मृतिभ्रंश तर कधी चेंडूला डोके न लावलेल्या वृद्धांनाही होतो. त्यासाठी मोजणी हवी होती. ती डॉ. स्टुअर्ट ह्यांच्या गटाने केली व २०१९ साली प्रसिद्ध केली. स्कॉटलंडचे ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटू एकीकडे, आणि त्यांच्याच वयाची व तशाच परिस्थितीतील २३,०२८ सामान्य माणसे दुसरीकडे. मेंदूच्या ऱ्हासाचा आजार हे मृत्यूचे मुख्य कारण म्हणून खेळाडूंमध्ये १.७ टक्के, तर इतरांमध्ये ०.५ टक्के आढळले. वय वगैरे गोष्टी जमेस धरता धोका सुमारे साडेतीन पट. हेही प्रामाणिकपणे सांगावयास हवे की हृदयविकार व फुप्फुसाच्या कर्करोगाने खेळाडू कमी दगावले, आणि सत्तरीपर्यंत त्यांचे एकूण मृत्युमानही इतरांपेक्षा कमीच होते. खेळाने शरीर राखले, ही त्या आकड्यांची एक बाजू.

दुसरी बाजू दोन वर्षांनी आणखी स्पष्ट झाली. त्याच गटाने २०२१ साली खेळाडूंच्या जागांनुसार विभागणी केली. गोलरक्षक, जो चेंडू हातांनी धरतो आणि डोक्याने क्वचितच खेळतो, त्याचा धोका सामान्य माणसाएवढाच निघाला. बचावफळीतील खेळाडूंचा, ज्यांना उंचावरून येणारा प्रत्येक चेंडू डोक्याने परतवावा लागतो, सुमारे पाच पट. ज्यांची कारकीर्द पंधरा वर्षांहून मोठी त्यांचाही जवळपास तेवढाच. स्वीडनमधील सहा हजारांवर खेळाडूंचा अभ्यास २०२३ साली आला. तेथे धोका दीडपट, म्हणजे कमी, दिसला. पण गोलरक्षक तेथेही वेगळेच राहिले. एकाच मैदानावर, एकाच पावसात, एकाच आहारावर वाढलेल्या माणसांत फरक कशाचा? चेंडू हाताने घेण्याचा आणि डोक्याने घेण्याचा.

आता आपल्या देशाकडे वळतो. २० मार्च २०२० रोजी प्रदीपकुमार बॅनर्जी निवर्तले. अखेरच्या काळात त्यांना कंपवात, स्मृतिभ्रंश आणि हृदयाचा विकार होता असे त्या वेळी सांगण्यात आले. १५ ऑगस्ट २०२३ रोजी हैदराबादचे महंमद हबीब वयाच्या ७४ व्या वर्षी गेले. १९७७ साली कलकत्त्यात पेलेच्या कॉसमॉस संघाविरुद्ध मोहन बागानसाठी गोल करणारे ते हेच. नोकरीच्या आधाराने खेळण्याची रीत असलेल्या काळात खेळ हाच व्यवसाय मानणारा देशातला पहिला फुटबॉलपटू, अशी त्यांची ख्याती. त्यांनाही स्मृतिभ्रंश व कंपवाताने ग्रासले होते. ह्या दोघांचे आजार चेंडूमुळेच झाले, असे म्हणण्याचा अधिकार मला नाही आणि कोणालाही नाही. दोघांचीही वये वृद्धत्वाची होती. परंतु अशा बातमीच्या शेजारी इंग्लंडात जो प्रश्न ताबडतोब विचारला जातो, तो आपल्याकडच्या मृत्युलेखांतून उमटला नाही. आपण त्यांचे गोल मोजले, पदके मोजली आणि श्रद्धांजली वाहिली.

ह्या प्रश्नाची निकड वाढणार आहे, कमी होणार नाही. नोकरीच्या आडून खेळणाऱ्यांच्या जागी केवळ खेळण्याचे वेतन घेणारे खेळाडू मोठ्या संख्येने तयार झाले ते १९९६ साली राष्ट्रीय लीग सुरू झाल्यानंतर. गोव्याच्या साळगावकर क्लबने ती १९९८-९९ च्या हंगामात जिंकली, धेंपो क्लबने २००४-०५ मध्ये. त्या लीगच्या पहिल्या हंगामांत खेळलेली मुले आज पन्नाशीच्या आसपास आली आहेत. ॲस्टल ह्यांच्या घरच्यांना पहिली शंका आली तेव्हा त्यांचे वय साधारण तेवढेच होते. ह्या आपल्या खेळाडूंपैकी अनेक जण कॅथलिक घरांतले आहेत, आणि त्यांच्या बायका-मुलांना अमुक लक्षणे दिसली तर ती केवळ 'स्वभाव बदलला', 'तापटपणा वाढला', 'पिण्याचा परिणाम' म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना खेळाच्या वर्षांसकट सर्व सांगा, असे कोणीतरी सांगण्याची गरज आहे. ह्या आजाराची सुरुवात विस्मरणानेच होते असे नाही. चिडचिड, उदासी, घरात न शोभणारे वर्तन ह्यांनीही होऊ शकते. कुटुंबाची त्यात फार होरपळ होते, आणि दोष बिचाऱ्या रुग्णाच्या शीलाला दिला जातो.

मुलांच्या बाबतीत इतर देशांनी काही पावले टाकली आहेत. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेने २०१५ साली दहा वर्षे व त्याखालील मुलांना डोक्याने चेंडू खेळण्यास बंदी केली. इंग्लंड, स्कॉटलंड व उत्तर आयर्लंडने २०२० साली प्राथमिक शाळेतील मुलांच्या सरावातून हेडर काढून टाकला. मोठ्यांसाठीही इंग्लंडात २०२१ पासून सरावातील जोरदार हेडरची संख्या आठवड्याला दहापर्यंत मर्यादित करण्याची सूचना आहे. खेळ त्यामुळे बुडाला नाही. आपल्याकडे पावसाळा लागला की शाळांच्या आणि धर्मग्रामांच्या मैदानांवर फुटबॉलचे सामने सुरू होतात, आणि दोन मुलांची डोकी एकमेकांवर आदळली की डोक्यावर पाणी ओतून, पाठ थोपटून मुलाला पुन्हा आत पाठवण्याची रीत अजून गेलेली नाही. २०१४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जर्मनीच्या क्रिस्टोफ क्रामर ह्याला असाच धक्का बसला. तो खेळत राहिला आणि थोड्या वेळाने त्याने पंचांनाच विचारले, हा अंतिम सामना आहे काय? पंचांनी ते त्याच्या सहकाऱ्यांच्या कानावर घातले आणि मग त्याला बाहेर नेण्यात आले. जगातील सर्वांत मोठ्या सामन्यात, डॉक्टरांच्या ताफ्यासमक्ष, हे घडते. मूल गोंधळले, तेच तेच विचारू लागले, ओकले, डोके दुखते म्हणाले, तर त्या दिवशी त्याचा खेळ संपला, एवढे तरी सामने भरवणाऱ्यांनी ठरवून टाकावे. पहिल्या धक्क्यातून मेंदू सावरण्याआधी बसलेला दुसरा धक्का अतिशय घातक ठरू शकतो. त्यासाठी पैसे लागत नाहीत. चषक हरण्याची तयारी लागते.

स्कॉटलंडची मोजणी शक्य झाली ती तेथे दोन प्रकारच्या नोंदी जपलेल्या होत्या म्हणून. कोण कोणत्या क्लबाकडून, कोणत्या जागेवर, किती वर्षे खेळला ही फुटबॉलची नोंद, आणि कोण कशाने वारला ही सरकारी नोंद. दोन्ही एकमेकांशी जोडल्या आणि सत्य बाहेर आले. आपल्याकडेही कागद अगदीच नाहीत असे नाही. रेल्वेची, बँकांची, कंपन्यांची नोकरीची दप्तरे आहेत. क्लबांची खेळाडू-नोंदणी आहे. आणि चर्चमधील मृतांच्या नोंदवहीत नाव, वय, दफनाची तारीख ह्यांबरोबर मृत्यूच्या कारणाचा एक रकाना असतो. अंत्यविधीच्या घाईत दुःखी कुटुंबाला फार विचारणे बरे दिसत नाही, म्हणून त्या रकान्यात बहुधा एकच शब्द लिहिला जातो : 'वार्धक्य'. मृत व्यक्ती काय काम करीत होती हे विचारणारा रकाना काही वह्यांत असतो, काहींत नसतो; आणि जेथे असतो तेथेही, आयुष्यभर खेळलेल्या माणसापुढे, 'रेल्वेत नोकरी' असेच लिहिलेले असते.